हात किती वर जातो

पत्र आलं तेव्हा मावशी डाव्या हातानं खिडकीच्या काचा पुसत होत्या. काचा सकाळीच एकदा पुसून झाल्या होत्या. पण हाताला काम नसलं की घर त्यांना खायला उठायचं, आणि गेले अकरा महिने त्यांच्या हाताला काम नव्हतं.

त्याआधी बावीस वर्षं त्या एका मोठ्या लॉन्ड्रीत होत्या. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं गाड्या भरभरून यायच्या. मावशींचं काम इस्त्रीच्या रोलरवर. ओली चादर दोन टोकांना धरायची, झटक्यानं खांद्याच्या वर न्यायची आणि गरम रोलरच्या तोंडात सरळ सोडायची. एक सुरकुती राहिली की चादर परत. एका पाळीत हजारभर चादरी. चहाच्या सुट्टीत बाकीच्या बायका बाकावर टेकायच्या, तेव्हा मावशी रिकाम्या ट्रॉल्या रांगेत लावत फिरायच्या. त्यांना सगळे वादळमावशी म्हणायचे. त्यांना ते नाव आवडायचं, वरून रागावल्यासारखं दाखवायच्या इतकंच.

एका दुपारी ओल्या चादरींनी भरलेल्या ट्रॉलीचा ब्रेक सुटला आणि ती उतारावरून खाली निघाली. खाली एक बाई पाठमोरी वाकून फरशीवरचं पाणी ओढत होती. ओरडायला वेळ नव्हता. मावशींनी उजव्या हातानं ट्रॉलीची कड धरली. ट्रॉली थांबली, बाई वाचली, पण मावशींचा हात मागे आणि वर असा पिरगळला गेला की चादर फाटल्यासारखा आवाज आला. तो आवाज आपल्याच खांद्यातून आला हे त्यांना जरा वेळानं कळलं.

ऑपरेशन झालं. खांद्यातला तुटलेला स्नायू शिवला. कामावर असताना दुखापत झाली म्हणून लॉन्ड्रीच्या विमा कंपनीकडून दर महिन्याला भरपाई सुरू झाली. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावरच. त्यामुळे घरात खरं म्हणजे दोघीच, सासू आणि सून. सून औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. डब्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली तारीख ती एका नजरेत वाचायची. म्हणून मावशींनी पत्र न उघडताच तिच्या हातात दिलं.

"विमा कंपनीनं तपासणीला बोलावलंय," सून म्हणाली. "गुरुवारी, अकरा वाजता. त्यांच्या डॉक्टरकडे."

"आपल्या डॉक्टरांनी तर दर महिन्याला लिहून दिलंय."

"आपल्या डॉक्टरांचं त्यांना पटत नसणार. आणि हे बघा, 'सबळ कारणाशिवाय हजर न राहिल्यास भरपाई थांबवण्यात येईल.'"

"मी कुठे जाणार हजर न राहून?" मावशी म्हणाल्या आणि पुसलेली काच पुन्हा पुसायला लागल्या.

सुनेनं पत्र उलटून पाठीमागचा बारीक मजकूर वाचला. मग बोटानं एक ओळ दाबून धरली. "आई, इथं लिहिलंय की तपासणीच्या वेळी आपलं एक माणूस सोबत आत बसू शकतं. मी येते."

"दुकान?"

"अर्धा दिवस रजा घेते. दुकान काही पळून जात नाही."

गुरुवारला आठ दिवस होते. ते आठ दिवस मावशींना आठ महिन्यांसारखे गेले. शेजारीण येऊन सांगून गेली, "हात लावला की कण्हायचं. नुसतं 'दुखतंय' म्हटलं तर कोण ऐकतं?" लॉन्ड्रीतल्या एकीनं फोनवर वेगळंच सांगितलं, "तो डॉक्टर मुद्दाम पेन खाली पाडतो हं मावशी. तुम्ही पटकन उचलायला गेलात की संपलं." तिसरीनं तर कहरच केला. म्हणाली, विमावाले माणूस ठेवतात, तो घरावर नजर ठेवतो आणि फोटो काढतो.

हे ऐकल्यापासून मावशींना समोरच्या फुटपाथला लागून उभी असलेली पांढरी गाडी दिसायला लागली. गाडी रोज दहाला यायची आणि चारला जायची. आत एक टक्कल पडलेला माणूस बसून असायचा. मावशींनी खिडकी पुसणं सोडलं. घरातल्या घरातही हात गळ्यातल्या झोळीत अडकवून फिरू लागल्या. केस विंचरायचे तेसुद्धा दाराआड.

"आई, तुम्ही खोटं काही करत नाही ना? मग लपता कशाला?" सुनेनं विचारलं.

"खरं बोलणाऱ्यालाच जास्त भीती वाटते बाई. खोटारड्याची निदान तयारी तरी असते."

चौथ्या दिवशी दुकानात निघालेली सून सरळ त्या गाडीपाशी गेली आणि तिनं काचेवर टकटक केली. मावशी पडद्याच्या फटीतून बघत होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोघांचं काहीतरी बोलणं झालं, त्या माणसानं हात जोडले आणि सून हसत हसत परत वर आली.

"पाण्याचे फिल्टर विकतो तो. दारोदार फिरायचा कंटाळा येतो म्हणून इथं सावलीत बसतो आणि ऑफिसला सांगतो की फिरतोय. मला म्हणाला, ताई, प्लीज आमच्या साहेबांना सांगू नका."

मावशींना हसूही आलं आणि रागही आला. सगळी माणसं कामावर असताना तो गाडीत निवांत बसलाय, आणि आपल्याला काम करायचंय तर हात नाही. पण त्यांनी झोळी काढून खुंटीला अडकवली.

गुरुवारी दोघी पाऊण तास आधीच पोचल्या. मोठ्या इमारतीचा तिसरा मजला, गुळगुळीत फरशी, भिंतीवर सांगाड्याचं चित्र. मावशी त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या, मग खुर्चीत बसल्या, मग उठून पाणी प्यायल्या, मग पुन्हा चित्रासमोर.

"बसा ना जरा," सून म्हणाली.

"बसूनच तर आहे अकरा महिने."

अकरा वाजून चार मिनिटांनी आत बोलावणं आलं. सुनेनं पर्समधून लहानशी वही काढली आणि वेळ लिहिली. डॉक्टर तरतरीत, पन्नाशीच्या आतले. मावशी आत आल्या तेव्हा ते कॉम्प्युटरकडे बघत होते, बाहेर पडल्या तेव्हाही कॉम्प्युटरकडेच बघत होते. मध्ये काय झालं ते थोडक्यात सांगता येण्यासारखं होतं.

"काय त्रास?"

"हात वर धरवत नाही डॉक्टर. म्हणजे वर जातो, पण..."

"करा वर."

मावशींनी हात वर केला. कण्हायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. उलट समोर डॉक्टर उभा म्हटल्यावर त्या ईर्ष्येला पेटल्या. परीक्षाच आहे तर नापास कशाला व्हायचं? दात आवळून त्यांनी हात कानापर्यंत नेला. कपाळावर घाम आला.

"छान. खाली. मागे न्या. बाजूला. बस." त्यांनी खांदा दोन ठिकाणी दाबला. "इथं दुखतं? इथं? ठीक आहे. कपडे स्वतः घालता?"

"घालते, पण वेळ लागतो. आणि माझं काम असं आहे की..."

"कामाची माहिती फाइलमध्ये आहे. या तुम्ही."

पेन काही कुणी पाडलं नाही. दोघी बाहेर आल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून तेरा मिनिटं झाली होती. सुनेनं तेही लिहिलं. मग खाली बाकावर बसून, डॉक्टरांनी काय विचारलं, कुठं हात लावला, काय केलं नाही, हे सगळं ओळीनं लिहून काढलं.

"झालं की मग," मावशी म्हणाल्या. "चांगला होता बिचारा. ओरडला नाही."

"नऊ मिनिटं, आई."

"काम करणाऱ्या माणसाला वेळ कुठे असतो?"

तीन आठवड्यांनी अहवालाची प्रत आली. सुनेनं ती उभ्या उभ्या वाचली, मग खाली बसून पुन्हा वाचली. मावशी तिच्याभोवती घिरट्या घालत होत्या.

"अगं, काय म्हणतोय? तोंडानं बोल की!"

"म्हणे चाळीस मिनिटं सखोल तपासणी केली. दोन्ही हातांची ताकद मोजली. बोटांची संवेदना टाचणीनं तपासली. मान तपासली." तिनं मान वर केली. "टाचणी कुठं होती, आई?"

"आणि शेवटी?"

"हात पूर्ण बरा. तक्रारी तपासणीशी जुळत नाहीत. पूर्वीच्या कामावर रुजू व्हायला हरकत नाही. आणि भरपाई पुढच्या महिन्यापासून बंद."

सून रागानं लाल झाली होती. पण मावशींच्या मनात काय चाललं होतं ते त्यांना तिला सांगायची सोय नव्हती. 'हात पूर्ण बरा' हे शब्द ऐकताच त्यांच्या पोटात आनंदाची एक लहर उठून गेली होती. एवढा शिकलेला माणूस म्हणतोय. कुणास ठाऊक, खरंही असेल. आपणच घाबरून हाताला जपतोय, लाडावून ठेवलाय. त्यांना रोलरची वाफ आठवली, दुपारच्या पाळीतला गलका आठवला.

"मग जाते की कामावर," त्या म्हणाल्या.

"कशानं? या हातानं? परवा भाजीची पिशवी खाली ठेवून उभ्या राहिलात ते मी बघितलं नाही का?"

"ते पिशवीचे बंद रुतत होते."

सुनेनं कागद घेतला आणि हरकतीचा अर्ज लिहायला बसली. ज्या सरकारी कचेरीत असले वाद जातात तिथला पत्ता अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरात होताच. तिनं वहीतली पानं जोडली: आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ, विचारलेले प्रश्न, न केलेल्या तपासण्या. निघताना स्वागतकक्षातल्या मुलीनं दिलेल्या चिठ्ठीवरही येण्याजाण्याची वेळ छापलेली निघाली. ती चिठ्ठी सुनेनं जपून ठेवली होती. औषधाच्या दुकानात राहून राहून पावती टाकायची नाही हे तिच्या हाडात मुरलं होतं.

अर्ज गेला. उत्तर यायला वेळ होता. एका सकाळी सून दुकानात गेली आणि मावशींनी न्हाणीत भिजत घातलेल्या चार चादरी बघितल्या. सून त्या संध्याकाळी येऊन वाळत घालणार होती. मावशी बराच वेळ त्या चादरींकडे बघत राहिल्या. मग दाराची कडी काढून जिन्यात कुणी नाही याची खात्री केली. चादरी पिळल्या, बादलीत भरल्या आणि उजव्या हातानं बादली उचलली.

बादली उचलली गेली. एक मजला चढला. दुसरा चढला. मावशी गच्चीवर पोचल्या. पहिली चादर त्यांनी दोन टोकांना धरली, झटकली आणि डोक्यावरच्या दोरीवर अशी टाकली की एक चुणी पडली नाही. दुसरीही तशीच. मावशी त्या रिकाम्या गच्चीवर मोठ्यानं हसल्या. "वादळ!" त्या स्वतःलाच म्हणाल्या.

तिसरी चादर दोरीपर्यंत गेली, पण वाकडी पडली. चौथी गेलीच नाही. हात अर्ध्यावर आला आणि तिथून पुढं नाही म्हणाला. दुखलं असतं तर त्यांनी दात आवळून नेला असता. पण तो दुखत नव्हता, नुसता खाली येत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. ओली चादर त्यांच्या पायावर पडली. मावशींनी ती डाव्या हातानं कशीबशी टांगली आणि जिना उतरल्या.

दुखणं नंतर आलं. दोन दिवस हात लाकडासारखा झाला, पेला उचलवेना.

"काय झालं हो?" सुनेनं विचारलं.

"अंगाखाली आला झोपेत."

"आणि चादरी कुणी टाकल्या?"

"शेजारणीनं. फार चांगली आहे हो ती." मावशींनी तोंड फिरवलं. सुनेनं वहीत लिहिलं: झोपेत हात अंगाखाली आला, दोन दिवस दुखणं. ती रोज लिहायची आता, दुखलं किती, काय करवलं, काय नाही. पेनचा तो आवाज ऐकून मावशींना खोलीत थांबवेना. त्या बाहेर जिन्यात जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. हात बरा नाही हे आता कुणी सांगायला नको होतं. पण बादली उचलली हे कुणाला कळलं तर? कचेरीत म्हणतील, बाई गच्चीवर चादरी टाकते आणि इथं अर्ज करते. न सांगावं तर सुनेची वही खोटी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेजारीण भेटली की मावशी तिला बोलूच द्यायच्या नाहीत. न जाणो, सुनेसमोर ती चादरींचा विषय काढायची.

कचेरीचं उत्तर आलं. हरकत दाखल करून घेतली होती. निकाल लागेपर्यंत भरपाई चालू राहणार होती. पण त्यासाठी आणखी एक तपासणी. या वेळी डॉक्टर विमा कंपनीचा नाही आणि मावशींचाही नाही, कचेरीनं त्यांच्या यादीतून नेमलेला.

"तिसरा डॉक्टर," मावशी म्हणाल्या. "एका खांद्याला माणसं किती लागतात! अख्खं माणूस स्मशानात न्यायला चार पुरतात म्हणे, इथं नुसता खांदा बघायला तीन."

सून हसली. मावशींना हसू आलं नाही.

हा दवाखाना जुना, तळमजल्यावर, खुर्च्यांचा रंग उडालेला. डॉक्टरीणबाई साठीच्या पुढच्या, जाड चष्म्याच्या. मावशी आत येताच त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली.

"हे सगळ्यांनी लिहिलेलं मी वाचलंय. आता तुम्ही सांगा."

मावशी सांगायला लागल्या. लॉन्ड्री, उतार, ट्रॉली, ऑपरेशन. बाई मध्ये बोलल्या नाहीत. नुसतं "मग?" म्हणत राहिल्या. सून कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. खांदा तपासायच्या आधी बाईंनी तळहात एकमेकांवर घासले. "माझे हात थंड असतात, रागावू नका." त्यांनी मान बघितली, कोपर बघितलं, पाठीमागून दोन्ही खांदे एकदम दाबून कुठला बारीक झालाय ते बघितलं. टाचणीही आली. मावशी टाचणीकडे बघून उगीचच सुनेकडे बघत राहिल्या.

"आता मला एक सांगा," बाई म्हणाल्या, "अपघात झाल्यापासून या हातानं कधी वजन उचललंय? जड काही?"

सुनेनं वहीचं पान उलटलं. तिला उत्तर ठाऊक होतं, तिथं लिहिलेलंच होतं. मावशींनी तोंड उघडलं आणि त्यातून 'नाही' बाहेर येणार होतं. अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी सुनेकडे बघितलं. ती मान खाली घालून ओळीवर बोट ठेवून बसली होती, शाळेतल्या हुशार मुलीसारखी, उत्तर बरोबर येणारच या भरवशावर.

"उचललंय," मावशी म्हणाल्या.

सुनेची मान वर झाली.

"सात आठवड्यांपूर्वी. चार ओल्या चादरींची बादली, दोन मजले. गच्चीवर नेली आणि वाळत घातल्या. हिला ठाऊक नाही. हिला मी खोटं सांगितलं. तिची वही खरी आहे, तेवढी ओळ सोडून." आणि मग, आता बोललोच आहोत तर सगळंच, म्हणून त्या पुढे म्हणाल्या, "मला बघायचं होतं. त्या डॉक्टरनं लिहिलं ना, बरा आहे म्हणून. वाटलं, असेलही. दोन छान टाकल्या. तिसरी वाकडी पडली. चौथी पडली खाली. मग दोन दिवस पेला उचलवेना. आता लिहा तुम्हाला काय लिहायचं ते."

सून त्यांच्याकडे नुसती बघत होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"दोन छान, तिसरी वाकडी, चौथी खाली," त्या म्हणाल्या. "हे यांच्यापैकी कुणालाच सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी?"

बाई उठल्या. तपासणीच्या पलंगावरची चादर त्यांनी सर्रकन ओढून काढली आणि मावशींच्या हातात दिली. "दाखवा. रोलरवर कशी टाकता ते. ही भिंत म्हणजे रोलर. मी सांगेपर्यंत थांबू नका."

मावशींनी चादरीची दोन टोकं धरली. बोटांना ती पकड आपोआप सापडली. झटका, वर, सोडली. चादर भिंतीवर सपाट बसल्यासारखी पसरली आणि घसरली. बाई हसल्या. "वा!"

तीच उचलून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. कोरडी चादर हलकी होती, पाचापर्यंत हात गेला. सहाव्याला कोपर खाली आलं. सातव्याला उजवं टोक डाव्याच्या वीतभर खाली राहिलं. आठव्याला हात छातीपाशी थांबला.

"पुरे," बाई म्हणाल्या.

"अजून एक." मावशींनी पुन्हा टोक पकडलं. हात आला नाही. त्यांनी डाव्या हातानं उजव्या कोपराला धक्का दिला. "अजून एक जाते. थांबा."

"पुरे म्हटलं ना." डॉक्टरीणबाईंनी त्यांचं कोपर हातात धरलं आणि अलगद खाली आणलं. "बसा. दिवसाला किती टाकायच्या होत्या?"

"हजार."

"आणि तुमचा हात किती वर जातो हे आधीच्या डॉक्टरांनी एकदाच बघितलं. एकदा तो जातोच. शिवलेला स्नायू आहे, एकदा ताणला की येतो. पण परत परत नाही."

"मग परत परत कधी येणार?"

बाईंनी खाली पडलेली चादर उचलली. "व्यायाम सोडू नका. घरचं बरंचसं जमेल तुम्हाला. खांद्याच्या खालचं, बसून करायचं काम जमेल, थोडे तास. पण रोलरवर नाही."

"हो, पण कधी?"

"कधीच नाही, मावशी."

बाहेर रस्त्यावर आल्यावर सून पुढे आणि मावशी मागे अशा दोघी चालत राहिल्या. एरवी मावशींच्या पावलाबरोबर सुनेला पळावं लागायचं. बसथांब्याशी आल्यावर सून वळली.

"सात आठवडे! मी रोज विचारते, रोज लिहिते, आणि तुम्ही मला शेजारणीचं नाव सांगता? बादली जिन्यात निसटली असती म्हणजे?"

"नाही ना निसटली."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू हाताला कुलूप घातलं असतंस." मावशींचा आवाज चिरकला. "अगं, मला वाटलं होतं मी जिंकले तर कामावर जाईन. आता जिंकलेच बहुतेक. आणि काम मात्र गेलं."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. अपघाताच्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या. थांब्यावर माणसं होती, बस आली, माणसं चढली, बस गेली. सून त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "पुढची बस रिकामी असेल."

निकाल महिन्याभरात आला. पहिला अहवाल कचेरीनं बाजूला ठेवला. दुखापत कायमची धरली गेली. लॉन्ड्रीनं झेपेल असं हलकं काम द्यावं, पगारात जी तूट पडेल ती विमा कंपनीनं भरावी, आणि वर्षातून एकदा मावशींनी तपासणीला हजर राहावं.

"म्हणजे हे वर्षाला आहेच," मावशी म्हणाल्या.

"मी आहे की."

लॉन्ड्रीत झेपेल असं एकच काम होतं, रफूच्या खोलीत. फाटलेल्या चादरी तिथं येतात आणि तीन बायका दिवसभर बसून त्यांना ठिगळं लावतात. बावीस वर्षं मावशी त्या तिघींना 'बसकी फौज' म्हणत आल्या होत्या, आणि तेही त्यांच्या तोंडावर. आता त्यांच्याच टेबलाशी चौथी खुर्ची मांडली होती.

"या वादळमावशी," त्यातली थोरली म्हणाली. तिनं एवढंच म्हटलं, पण बाकीच्या दोघींनी हसू दाबलं ते मावशींनी बघितलं.

पहिल्या दिवशी चार तासांत त्या अकरा वेळा उठल्या. दुसऱ्या दिवशी थोरली म्हणाली, "मावशी, तुम्ही उठलात की टेबल हलतं आणि माझी सुई बोटात जाते. एक तर बसा, नाही तर माझ्या बोटाचीही भरपाई सुरू करा." यावर सगळ्याच हसल्या. मावशीही हसल्या, पण पाच मिनिटांनी पुन्हा उठल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फाटक्या चादरींचा ढीग टेबलावर पसरला आणि त्या उलटसुलट करायला लागल्या. एक, दोन, सात, बारा. बाराच्या बारा एकाच कोपऱ्यात फाटलेल्या, सारख्याच तिरप्या.

"हे कापड जुनं नाही," मावशी म्हणाल्या. "हे रोलरवर कुणीतरी ओढतंय."

"आपल्याला काय? आली की शिवायची."

मावशी तोपर्यंत दाराबाहेर पडल्या होत्या. रोलरची खोली तशीच होती, वाफ, गलका, ओल्या कापडाचा वास. त्यांच्या जागी एक चाळिशीचा उंच माणूस उभा होता. तो चादर कोपऱ्यातून खेचत होता आणि रोलर ती दुसरीकडून खेचत होता. मावशी दोन चादरी जाईपर्यंत बघत उभ्या राहिल्या. उजवा हात आपसूक अर्धा वर आला होता. त्यांनी तो खाली घेतला.

"अहो उंच दादा," त्या ओरडल्या, कारण तिथं ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, "भांडताय कशाला मशिनशी? सोडायची असते चादर. अंगठा आत घ्या. आत! हं, आता वर न्या आणि द्या सोडून."

माणूस गोंधळून मागे वळला, पण हातातली चादर त्यानं मावशींनी सांगितलं तशी सोडली. ती सरळ गेली.

"आणखी एकदा," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात सुपरवायझर आला. "मावशी, तुम्हाला बसून काम दिलंय. कागदावर तसं आहे. इथं काय करताय?"

"तोंड चालवतेय. त्याची तपासणी अजून कुणी केली नाही."

त्या उंच माणसाच्या पुढच्या दहा चादरी नीट जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग परत रफूच्या खोलीत आल्या, खुर्ची पुढे ओढली, बारापैकी पहिली चादर मांडीवर घेतली आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. उजव्या हातानं तो तिसऱ्या खेपेला गेला.